मोडीतल्या बंदुकांचे कुळशील

अमेरिकेतील एखाद्या लहानशा गावी, घराच्या पाठीमागच्या मोटारखान्यात, एक गृहस्थ शनिवारची सकाळ गाठून लाकडी पेटीचे खिळे उपसत बसलेला असतो. फळी निघाली की मेणकागदाचे थर लागतात, आणि त्यांच्याखाली तपकिरी, चिकट, उग्र दर्पाच्या ग्रीजमध्ये लडबडलेल्या लोखंडी वस्तू दिसू लागतात. एक दुपायी, एक लाकडी दस्ता, दोन-तीन स्प्रिंगा, एक जड बोल्ट, नेम धरण्याची साधने, चाप आणि त्याच्या आतली चिमुकली दातेरी यंत्रणा असा तो ऐवज असतो. आणि सर्वांत तळाशी, वेगळ्या पुडक्यात, कडा वितळून गुळाच्या काकवीसारख्या ओघळलेले तीन-चार लोखंडी तुकडे. या खुर्द्याला तिकडच्या बाजारात ‘पार्ट्स किट’ म्हणतात. ऐंशी वर्षांपूर्वी युरोपातल्या कोठल्यातरी खंदकात जी एक अखंड मशीनगन होती, तिचा हा मोडीत निघालेला देह. तो गृहस्थ रॉकेलात कुंचला बुडवून एकेक भाग धुतो, पुसतो, भिंग लावून पाहतो आणि वहीत टिपणे करतो. पुढचे कित्येक महिने त्याचा हाच उद्योग चालतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी अथवा रविवारी ज्याने फेरफटका मारला आहे, त्याला या गृहस्थाची मनोवृत्ती अगदीच परकी वाटू नये. बंद पडलेल्या घड्याळाचे चक्र, किल्ली हरवलेले कुलूप, ग्रामोफोनची नुसती भुजा यांच्यावर जीव टाकणारी माणसे आपल्याकडेही आहेत. मात्र घड्याळाचे चक्र वेळ सांगण्याच्या यंत्राचा भाग असते, आणि या पेटीतला प्रत्येक भाग माणसे मारण्याच्या यंत्राचा. हा भेद मनातून काढून टाकून या छंदाकडे पाहता येत नाही, आणि मी तो काढून टाकणारही नाही. परंतु प्रथम या खुर्द्याची उत्पत्ती कशी झाली ते पाहू. कारण तो रणांगणावर निर्माण झालेला नसून सरकारी दप्तरात निर्माण झालेला आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा जो संवाद आहे, त्याची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. (औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला डॉ. आंबेडकरांनी ज्याचे नाव दिले, तोच हा मिलिंद.) नागसेन राजाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू, दोर, सांगाडा, यांपैकी कोणता एक भाग म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी रथ हे केवळ एक नाव आहे, या निष्कर्षाशी येऊन पोहोचतो. दोन हजार वर्षांनंतर वॉशिंग्टनमधील कायदेपंडितांपुढे हाच प्रश्न मशीनगनच्या रूपाने येऊन ठाकला. पण ते नागसेनाचे शिष्य नसल्यामुळे त्यांनी बोट ठेवून उत्तर दिले. बोल्ट, नळी वा दस्ता म्हणजे बंदूक नव्हे. ज्या पोकळ सांगाड्यात हे सारे बसविले जाते आणि ज्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो, तो रिसीव्हर म्हणजेच बंदूक. अमुक एका जागी आत्मा आहे असे एकदा ठरले की बाकीचे शरीर हे शरीरच राहते; आणि शरीराचा व्यापार करता येतो.

अमेरिकेत हे सर्व टप्प्याटप्प्याने घडले. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी हैराण झालेल्या तेथील कायदेमंडळाने 1934 साली मशीनगनचा कायदा केला. पण त्यात बंदी घातली नाही. प्रत्येक शस्त्राची सरकारदरबारी नोंद आणि प्रत्येक हस्तांतरास 200 डॉलर कर, एवढीच त्याची मागणी होती. त्या काळी टॉमीगन या मशीनगनची किंमतच सुमारे तेवढी होती, म्हणजे कर मालाइतकाच भारी. पुढे दुसरे महायुद्ध संपले आणि घरी परतणाऱ्या सैनिकांच्या पिशव्यांतून व परदेशी शिलेखान्यांच्या लिलावांतून शस्त्रांचा पूर लोटला. तेव्हा नळी आणि रिसीव्हर झाळून बंद केलेली मशीनगन ही शस्त्र नसून स्मरणवस्तू आहे, असे शस्त्रनोंदीच्या सरकारी खात्याने मान्य केले. अशा वस्तूला ‘डीवॅट’ हे संक्षिप्त नाव पडले, आणि 1950 नंतरच्या काही वर्षांत ती टपालाने, शिवणयंत्राच्या जाहिरातीसारखी जाहिरात देऊन, विकली जाऊ लागली.

हा मोकळा काळ 1968 मध्ये संपला. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनी हादरलेल्या देशाने शस्त्रांचा नवा कायदा केला. त्यात मशीनगनच्या व्याख्येतच ‘रिसीव्हर’ हा शब्द घातला गेला, त्यामुळे झाळून बंद केलेली बंदूकही पुन्हा बंदूक ठरली. परदेशी लष्करी शस्त्रांची खाजगी आयात थांबली. आणि नोंद न झालेली शस्त्रे आणून रुजू करण्यासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एक महिन्याची माफीची मुदत देण्यात आली. मुदत टळली ती टळली. त्यावर शेवटचा घाव 19 मे 1986 रोजी पडला: त्या दिवसानंतर घडलेली वा नोंदलेली एकही मशीनगन सामान्य नागरिकाच्या हाती जाऊ शकत नाही. नोंदवहीत आधी ज्यांचे नाव लागले होते त्यांची संख्या तेथेच गोठली, आणि पुरवठा गोठला की किंमत काय करते हे आपल्याकडील जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या वाचकाला सांगावयास नको. आज अशा एका बंदुकीस दहा-दहा हजार डॉलरांच्या पटीत मोल पडते.

आयात अखंड बंदुकीची थांबली होती, सुट्या भागांची नव्हे. म्हणून परदेशातल्या कोठारांतच बंदुका उलगडून, रिसीव्हर ज्योतीने कापून, उरलेला ऐवज जहाजांवर चढू लागला. कापावयाचे ते करवतीने नव्हे तर पेटत्या ज्योतीनेच, अशी जी अट खात्याने घातली तिच्यामागे हिशेब आहे: करवत धातूला दुभागते, पण ज्योत मधला धातू जाळून नाहीसा करते, आणि जे नाहीसे झाले ते पुन्हा जुळविता येत नाही. पेटीच्या तळाशी सापडणारे ते ओघळलेले तुकडे म्हणजे या विधीचे अवशेष.

या व्यापाराचा आद्य सावकार सॅम्युएल कमिंग्ज. फिलाडेल्फियात 1927 साली जन्मलेल्या या माणसाची एक कथा तो स्वतःच सांगत असे. वयाच्या पाचव्या वर्षी माजी सैनिकांच्या सभागृहाबाहेर टाकून दिलेली एक जर्मन मॅक्सिम मशीनगन त्याला दिसली. ती त्याने घरी आणविली, आणि मुले लाकडी ठोकळ्यांशी खेळतात तसा तो ती उलगडून पुन्हा जोडण्याचा खेळ खेळू लागला. मोठेपणी त्याने 1953 मध्ये ‘इंटरआर्मको’ ही पेढी काढली. राष्ट्रे आपापल्या शिलेखान्यांतील जुना माल मोडीच्या भावाने काढीत असताना हा तेथे थैली घेऊन हजर असे. व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पोटोमॅक नदीच्या काठी त्याची वखार होती, आणि तीत कित्येक सैन्यांना पुरेल एवढे लोखंड रचलेले असे. एका राज्याचा पराभव, दुसऱ्याची क्रांती, तिसऱ्याचे नव्या शस्त्रांकडे वळणे, हे सर्व त्याच्या खतावणीत केवळ जमेच्या बाजूस पडत होते. तो 1998 मध्ये मोनाकोत वारला. पेढी आता राहिली नाही. पण जुन्या संग्राहकांच्या बोलण्यात तिचे नाव, आपल्याकडे बुडालेल्या संस्थानाचे निघावे तसे, अजून निघते.

आता त्या मोटारखान्यात, भिंग घेऊन बसलेल्या गृहस्थाकडे वळू. तो शोधतो काय? तो शिक्के शोधतो. प्रत्येक लढाऊ राष्ट्राने आपल्या शस्त्रांच्या अंगावर इतकी मोर्तबे केली आहेत की त्यांचे वाचन हे मोडी दप्तर वाचण्याइतकेच सरावाचे काम आहे. ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण म्हणजे रुंद बाणाचे टोक. तोच बाण टोकाला टोक लावून समोरासमोर दोनदा उमटला असेल, तर त्याचा अर्थ ही वस्तू सरकारने सेवेतून काढून विकली आहे. लोखंडावर कोरलेले ते एक फारकतपत्रच म्हणावे. जर्मन भागांवर गरुडाचे चिन्ह आणि त्याखाली तपासनिसाचा क्रमांक, फिनलंडच्या सैन्यातून आलेल्यांवर चौकटीतली ‘एसए’ ही अक्षरे. एकाच भागावर यांतील दोन-तीन शिक्के एकमेकांच्या डोक्यावर बसलेले आढळले की ते शस्त्र कोणाकडून कोणाकडे गेले याचा फेरफारच त्यावर नोंदलेला असतो.

परंतु यापेक्षाही मला स्वतःला रस वाटतो तो कारखानदारांच्या सांकेतिक खुणांत. शत्रूच्या विमानांना कोठे बाँब टाकावेत हे कळू नये म्हणून युद्धकाळात कारखान्यांची खरी नावे लपविण्यात आली. ब्रिटनने देशाचे उत्तर, दक्षिण आणि मध्य असे भाग पाडून प्रत्येक कारखान्यास एक अक्षर आणि एक आकडा दिला; जर्मनीने दोन-तीन अक्षरांचे संकेत वाटले. हे संकेत आज उलगडले आहेत, आणि उलगडल्यावर जे दिसते ते विलक्षण आहे. मशीनगन ही कोठल्यातरी काळ्याकुट्ट, शस्त्रांनाच वाहिलेल्या कारखान्यात जन्मते, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांतल्या पुष्कळ जन्मल्या त्या संसारोपयोगी वस्तूंच्या कारखान्यांत.

ब्रेनगनच्या दुसऱ्या नमुन्याचेच पाहा. तिचे भाग इंग्लंडमध्ये अनेक कंपन्यांनी वाटून घेऊन बनविले, आणि त्या योजनेचे नाव ‘मोनोटाइप योजना’ असे होते. होय, खिळे जुळविणाऱ्या यंत्रांमुळे मुद्रणव्यवसायात जिचे नाव प्रसिद्ध आहे तीच मोनोटाइप. तिच्या जोडीला डेम्लर ही मोटारकंपनी, हिशेबाची यंत्रे बनविणारी ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनी, आणि आपल्या वडिलांच्या पिढीने जिच्यावरून कचेरीच्या येरझारा घातल्या त्या सायकलची हर्क्युलिस कंपनी. स्टेनगनचा तिसरा नमुना ज्या लाइन्स ब्रदर्सने लक्षावधींच्या संख्येने काढला, त्यांचा मूळ धंदा मुलांची खेळणी. पत्र्याच्या मोटारी ज्या हातांनी वाकविल्या त्याच हातांनी पत्र्याची बंदूक वाकविली, आणि ती दोन-तीन पौंडांत पडू लागली. अमेरिकेत ‘ग्रीज गन’ म्हणून प्रसिद्ध असलेली एम-3 ही मोटारीचे दिवे बनविणाऱ्या गाइड लॅम्पने केली. मोटारींचे सुकाणूचे भाग बनविणाऱ्या सॅगिनॉ येथील कारखान्याकडे ब्राउनिंग मशीनगनचे काम आले तेव्हा करारातील 667 डॉलरांची किंमत त्याने सुमारे 141 डॉलरांवर आणून ठेवली.

या मालिकेचा मेरुमणी मात्र जर्मनीत आहे. सॅक्सनीतील डोबेल्न गावी ग्रॉसफुस नावाची कंपनी पत्र्याचे कंदील आणि तत्सम वस्तू करीत असे. तिचा अभियंता डॉ. व्हेर्नर ग्रूनर याने उभ्या आयुष्यात मशीनगन केली नव्हती. म्हणून त्याने आधी सैन्याच्या मशीनगन-शिक्षणवर्गात जाऊन, सैनिक ती कशी हाताळतो याचा अभ्यास केला, आणि मग पत्रा दाबून आकार देण्याच्या आपल्या कंदिली विद्येने जे घडविले ते म्हणजे एमजी-42. तिच्या आधीची एमजी-34 ही घड्याळजीच्या कौशल्याने पोलाद कोरून काढलेली वस्तू होती; तीस सुमारे 150 मनुष्यतास लागत, हिला निम्मेच. मिनिटास बाराशे गोळ्या म्हणजे सेकंदास वीस. माणसाच्या कानाला त्यांतली एकेक सुटी ऐकू येत नाही, थान फाडल्यासारखा एक सलग आवाज येतो. ज्या भागावर ‘बीपीआर’ ही अक्षरे सापडतात तो या कंदीलवाल्यांच्या घरचा. युगोस्लाव्हियाने युद्धानंतर हिचीच नक्कल एम-53 या नावाने केली. जर्मनीने तिला नव्या गोळीची करून एमजी-3 हे नाव दिले. आणि ही एमजी-3 पाकिस्तानच्या वाह येथील सरकारी कारखान्यातही तयार होते, म्हणजे डोबेल्नच्या कंदिलाचा एक वंशज आपल्या सीमेपलीकडे नांदतो आहे.

शिक्क्यांवरून इतिहास कसा वाचता येतो याचा एकच दाखला द्यावयाचा झाल्यास तो ब्रनो या गावाचा द्यावा लागेल. पहिल्या महायुद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेल्या चेकोस्लोव्हाकियातील या गावच्या शस्त्रशाळेत व्हात्स्लाव होलेक या कारागिराने झेडबी-26 ही हलकी मशीनगन सिद्ध केली. ती इतकी निर्दोष ठरली की, स्वतःच्या शस्त्रांचा केवढा तरी अभिमान बाळगणाऱ्या ब्रिटिशांनी 1935 साली तिचा परवाना घेतला, आपल्या .303 गोळीसाठी तीत फेरफार केले आणि 1937 पासून एनफील्ड येथे तिचे उत्पादन आरंभिले. ब्रनोतले ‘ब्र’ आणि एनफील्डमधले ‘एन’ मिळून झाले ‘ब्रेन’. आपल्या सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेल्या सुभेदारांच्या तोंडून हा शब्द ज्यांनी ऐकला असेल, त्यांपैकी फार थोड्यांना त्यात एका मध्य युरोपीय गावाचे नाव दडलेले आहे हे ठाऊक असेल.

मार्च 1939 मध्ये हिटलरच्या फौजा ब्रनोत शिरल्या. शस्त्रशाळेला ‘डीओटी’ हा जर्मन संकेत मिळाला आणि त्याच कारागिरांच्या हातून जर्मन सैन्यासाठी एमजी-34 घडू लागल्या. जप्त झालेल्या झेडबी-26 तर तशाच्या तशा जर्मन पलटणींना वाटल्या गेल्या. परिणाम असा की, कित्येक रणांगणांवर दोन्ही बाजूंनी एकाच गावच्या बुद्धीची अपत्ये एकमेकांवर गोळ्या झाडीत होती. इकडे डंकर्कच्या माघारीत ब्रिटिशांच्या ब्रेनगनांचा फार मोठा भाग फ्रान्समध्ये टाकून द्यावा लागला, आणि तो भरून काढण्याचा भार टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीवर पडला. तेथे काम करणारी व्हेरोनिका फॉस्टर ही तरुणी ‘ब्रेनगनवाली रॉनी’ म्हणून कॅनडाच्या प्रचारचित्रांतून घरोघर पोहोचली. याच कारखान्याने राष्ट्रवादी चीनसाठी 7.92 मिलिमीटर गोळीच्या ब्रेनगनाही केल्या, व त्यांच्या अंगावर चिनी अक्षरे कोरली. म्हणजे चेक बुद्धी, इंग्रजी नाव, कॅनडाचे हात, जर्मन मापाची गोळी आणि चिनी लेख, असा पाच मुलखांचा संकर एकाच लोखंडात! हिंदुस्थानात हीच ब्रेनगन कलकत्त्याजवळच्या इशापूर येथील सरकारी रायफल कारखान्यात होऊ लागली. त्याआधी तेथे तिचीच सवत शोभावी अशी व्हिकर्स-बर्टिए तयार होत असे.

पण या कुळकथेतले सर्वांत विपरीत पान त्यानंतरचे आहे. युद्ध संपले, चेकोस्लोव्हाकिया पुन्हा स्वतंत्र झाला, आणि कोठारांत उरलेल्या जर्मन शस्त्रांना गिऱ्हाईक शोधू लागला. 1948 मध्ये जन्माला येताच चहूबाजूंनी वेढले गेलेले इस्राएल हे ते गिऱ्हाईक होते. ज्या राजवटीने साठ लाख ज्यू मारले तिच्याच गरुडाचा शिक्का असलेल्या एमजी-34 आणि माउझर रायफली, विमानांत घालून, ज्यूंच्या नव्या राज्यात उतरल्या. तेथील शस्त्रागारात पुष्कळ माउझर रायफलींच्या अंगावर डेव्हिडचा षट्कोनी तारा ठोकला गेला. दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी असलेला असा एखादा भाग जेव्हा संग्राहकाच्या हाती लागतो, तेव्हा तो त्याला सोन्याच्या होनाप्रमाणे जपतो, आणि या एका बाबतीत तरी मी त्याला दोष देऊ शकत नाही.

येथे एका भ्रमाचे निरसन करणे भाग आहे. पेटीतले सर्व भाग एकाच बंदुकीचे असतात, असे नवख्यास वाटते. तसे क्वचितच असते. युद्ध संपल्यावर प्रत्येक सैन्याने आपली शस्त्रे कारखान्यात परत नेऊन उलगडली. झिजलेले फेकले, चांगले ढिगात टाकले, आणि ढिगातून हाताला येईल तो भाग घेऊन नव्याने बंदुका बांधल्या. त्यामुळे एका देहात टोरांटोचा बोल्ट, एनफील्डची दुपायी आणि हर्क्युलिसच्या कोण्या अज्ञात मजुराने घासलेला एखादा चाप नांदत असतो. सर्व भागांवर एकच अनुक्रमांक असलेली पेटी दुर्मिळ, म्हणून महाग. आणि महाग, म्हणून तीत लबाडीही फार. जुना आकडा घासून नवा ठोकणारे कसबी लोक आपल्या जुन्या नाण्यांच्या बाजाराप्रमाणे तिकडेही आहेत. याउलट काही माल कुमारिकेसारखा अस्पर्श निघतो: अमेरिकेने उधार-उसनवारीच्या कराराने रशियाला दिलेल्या टॉमीगनांपैकी पुष्कळशा रशियनांनी वापरल्याच नाहीत. त्या साठ-सत्तर वर्षे कोठारात पडून राहिल्या आणि या शतकाच्या प्रारंभी, रिसीव्हर गमावून, आपल्या जन्मभूमीस खुर्द्याच्या रूपाने परतल्या.

इतके करून संग्राहक या भागांचे करतो काय? बहुतेक जण पोलादाचा भरीव ठोकळा रिसीव्हरच्या जागी बसवून, कधीच न उडणारी प्रतिकृती भिंतीवर वा काचेच्या कपाटात ठेवतात. काही परवानाधारक कारागीर कायद्याच्या चौकटीत, चाप दर वेळी दाबला तर एकच गोळी सुटेल अशा नव्या रचनेचे शस्त्र त्यांतून बांधून देतात. आणि काही जण काहीच करीत नाहीत. नुसते भाग तेल लावून खणांत ठेवतात, आणि मला वाटते या छंदाचे खरे रसिक हेच. 2005 साली तेथील खात्याने अशा शस्त्रांच्या नळ्यांचीही आयात बंद केली, तेव्हापासून पेट्या नळीवाचून येऊ लागल्या आणि जुन्या, नळीसह आलेल्या पेट्यांचे भाव चढले. आत्मा रिसीव्हरमध्ये असल्याचा सिद्धान्त खात्याला पुरेसा वाटेनासा झाला, असाच याचा अर्थ.

हिंदुस्थानच्या कायद्याने हा सिद्धान्त कधीच मानला नाही. आपला 1959 चा शस्त्र अधिनियम शस्त्र म्हणजे काय हे सांगताना शस्त्रांचे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्रीही त्या एका शब्दात गोवतो; चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतील अशी बंदूक तर थेट प्रतिबंधित शस्त्रांत जमा होते. म्हणजे वर वर्णन केलेली पेटी येथे कोणी मागविली, तर तिच्यातील स्प्रिंगसुद्धा त्याला कोर्टकचेरीची वाट दाखवील. त्याच व्याख्येत, घरगुती वा शेतीच्या कामासाठीच असलेल्या आणि म्हणून शस्त्र न मानावयाच्या वस्तू म्हणून लाठी आणि साध्या हातकाठीचा आवर्जून उल्लेख आहे. मला आपल्या कायद्याची भूमिका अधिक शहाणपणाची वाटते. शस्त्राच्या इतिहासाचे प्रेम असणे निराळे आणि त्याचे भाग टपालाने दारी येणे निराळे. ज्या देशात दुसरी गोष्ट सुलभ आहे तेथे शाळकरी मुलांच्या प्रेतयात्रांच्या बातम्या किती वेळा वाचाव्या लागतात हे आपण पाहतोच. संग्राहक म्हणतील की त्या कृत्यांत ऐंशी वर्षांपूर्वीची मशीनगन कोणी वापरीत नाही. ते खरे आहे. तरीही ज्या समाजात बंदूक ही खेळण्याच्या, घड्याळाच्या आणि नाण्याच्या पंक्तीस बसते, त्या समाजाला तिचे भय वाटेनासे होते, हे त्यांच्या उत्तराने पुसले जात नाही.

आणि लाठीचा उल्लेख निघालाच आहे, तर मराठी वाचकाला या सर्व लोखंडाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला एक माणूस दाखविल्याशिवाय मला लेखणी खाली ठेवता येत नाही. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक तुकडी पुढे सरकत असता एका जर्मन मशीनगनच्या तोंडी सापडली. तुकडीचा नाईक सोडून सारे एक तर मेले अथवा जायबंदी झाले. त्या नाईकाचे नाव यशवंत घाडगे. कुलाबा जिल्ह्यातील माणगाव भागाचा, वय अवघे बावीस. तो एकटा धावत निघाला. हातगोळा फेकून त्याने मशीनगन आणि ती चालविणारा या दोघांचाही निकाल लावला, मग आपल्या टॉमीगनने आणखी एकास गोळी घातली. नवे मॅगझिन चढविण्यास अवधी नव्हता, म्हणून त्याने ती टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी मारले. म्हणजे अमेरिकेच्या सर्वांत नामांकित यंत्रशस्त्राची त्याने त्या क्षणी लाठी केली. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात तो पडला.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावच्या कचेरीपुढे त्याचा पुतळा आहे, आणि इटलीतील मोंतोने गावी 2023 साली त्याच्या नावाने एक छायायंत्र उभारण्यात आले. त्याचा देह मात्र सापडला नाही. कोठे पुरला हे कोणास ठाऊक नाही, आणि म्हणून त्याचे नाव कासीनो येथील स्मारकावर, ज्यांना थडगे नाही अशांच्या यादीत कोरलेले आहे.